टीममधली चौथी मुलगी

मी मूळची बीडकडची, बारावी झाली अन् लगेच लगीन लागलं, मालकांना चाकणला कंपनीत काम होतं म्हणून काळेवाडीत आले, अन् आता कैक वरसं झाली, इथल्याच एका लहानशा मुलींच्या कॉलेजात शिपाई हाय. काय सांगू तुम्हाला, कॉलेजाला ग्राउंडच न्हाई, म्हणून खेळाच्या शिंदे मॅडमनी बोलिंग काढलं, क्रिकेटचं न्हाई बरं का, जड गोळा घरंगळत सोडायचा अन् पल्याडच्या दहा पिना पाडायच्या, ते. पिंपळे सौदागरच्या मॉलवाल्यानं सकाळी उघडायच्या आधी जागा दिली. पोरींसंगं कुणी बाई पाहिजे म्हणून मॅडम मला न्यायच्या.

आत निळा उजेड, लाकडाची चकचकीत वाट, तळ्यावर चांदणं पडावं तशी, अन् गोळा सुटला की लांब कुठं आभाळ गुरगुरल्यावानी आवाज. मी बाकावर बसून बघत राहायचे, घरदार सगळं इसरायचे. एकदा पोरी म्हनल्या मावशी तुमीबी टाका की, मी टाकला, तर दहाच्या दहा आडव्या. मलाच खरं वाटंना.

मग टीममधल्या साक्षीचं लगीन ठरलं, कॉलेज सुटलं तिचं. चौघींबिगर स्पर्धेत घेत न्हाईत, प्राचार्य म्हनले टीम न्हाई तर बोलिंग बंद. पोरी रडाय लागल्या. मी मॅडमला हळूच म्हनलं, माझी बारावी झालेली हाय. त्या म्हनल्या, कॉलेजात नाव घातलं तर अभ्यासबी करावा लागंल. मी म्हनलं करीन. प्राचार्यांनीबी हो म्हनलं.

घरी सांगितलं तर मालक जेवता जेवता थांबले, चाळिशीत पोरींसंगं खेळणार व्हय, लोक हसतील. मी म्हनलं हसू द्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझं बारावीचं मार्कशीट पेटीतून काढून, पुसून हातात दिलं.

स्पर्धेत दुसऱ्या कॉलेजच्या पोरी इचारायल्या, काकू, तुमची मुलगी कोणती. मी म्हनलं, मीच खेळणार हाय. शेवटचा गोळा माझा होता, तो सुटला अन् मला कायबी ऐकू येईना, जणू त्याच्यासंगं मीच तरंगत चालले. एक पिन डुलली, डुलली, अन् उभीच राहिली. आमी चौथ्या आलो. पन टीम राहिली.

आता दुसऱ्या वर्षाला हाय. सकाळी वर्ग झाडते, दुपारी त्याच वर्गात बाकावर बसते. परवा साक्षीचा सासरहून फोन आला, मावशी, माझी जागा गेली का. मी म्हनलं, तू ये गं, पाच जणी खेळू. ती म्हनली, बघते. येईल, न येईल. लेकरू सुखात राहो.