चार सुतांची चौकट

(पिंपळे सौदागर. सोसायट्यांच्या मधे उरलेलं एक बैठं घर. व्हरांड्याच्या भिंतीला फरशी लावायचं काम चाललं आहे. दाराशी पाटावर विमलबाई मेथी निवडत बसल्या आहेत. त्यांचा मुलगा रणजीत चौकटीला लेव्हल लावून बघतो आहे. शेजारी अजीज मिस्त्री.)

रणजीत: बारा एमएम, चाचा. खालून वर जाईपर्यंत चौकट बारा एमएम कललीय. आमच्या चाकणच्या प्लांटला अर्धा एमएम सुटला तरी आम्ही अख्खा लॉट परत पाठवतो.

अजीज: चार सूत. तुझ्या यंत्राला आज कळलं, मला एकतीस वर्षांपासून ठाऊक आहे.

रणजीत: मग काढूनच टाकू ना. ग्रॅनाइटवाल्याला उद्या सकाळी बोलावलंय. ही सागवानी काढायची, काळ्या ग्रॅनाइटची सरळ चौकट बसवायची आणि मग फरशी. वीस तारखेला लग्न आहे माझं. नवी माणसं दारात आली की पहिली नजर इथंच जाणार.

विमलबाई: चौकट काढायची न्हाई म्हणून कालपास्नं सांगतीया मी. तुझ्या बापानं स्वतः लाकूड निवडून आणलंय त्ये. त्यांच्या हातचं एवढंच तर राह्यलंय घरात.

रणजीत: आई, अण्णांची आठवण मलाही आहे. पण फरशी सरळ आणि तिच्या शेजारी चौकट तिरकी, हे डोळ्यांत खुपणार. आता भिंत नुसती रंगवलेली आहे म्हणून कळत नाही.

अजीज: असं कर रणजीत. तू कामावर जा, सहाला ये. लेव्हल खिशात ठेव आणि नुसत्या डोळ्यानं बघ. वाकडेपण दिसलं, तर उद्या मी माझ्या हातानं चौकट काढून देतो.

रणजीत: आणि नाही दिसलं तर?

अजीज: तर तिला कुणी हात लावायचा नाही.

रणजीत: कबूल. सहा वाजता.

विमलबाई: गेला बया. भाऊ, खरंच जमंल का? का माझं मन राखायला बोललासा?

अजीज: जमेल, वहिनी. दाराला लागून फरशीची दोन बोटांची चिंधी आली, की वाकडेपण बोंब मारतं. खाली दोन बोटं, वर दीड. शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. म्हणून दाराशी रुंद तुकडा घ्यायचा, पाऊण फरशीचा. त्यात चार सूत कुठल्या कुठं जिरतात. बारीक तुकडा तिकडं कोपऱ्यात, चपलांच्या कपाटामागं.

विमलबाई: आन ह्या भिंतीला पोट सुटलंय त्याचं काय?

अजीज: पोटावर सिमेंटचा माल कमी, खड्ड्यात जास्त. आणि चौकटीलगतचा एकेक तुकडा जागेवर लावून वेगळा मापायचा. एका मापानं दहा कापले की कारभार आटोपला. हल्लीच्या पोरांना तेवढा सबर नसतो.

विमलबाई: दुपार कलली, आजून एकेक तुकडा मापतायसा. तुमी तवाबी असंच दमानं काम करायचा. आन ह्ये, पहिली शिफ्ट सुटली की पिंपरीहनं सायकल मारीत यायचे. डबा सायकललाच लटकलेला, अन ह्ये घमेलं उचलायला हजर. भिंतीवर मारायचं पाणी मी विहिरीवरनं आणायची.

अजीज: समोर सगळी ज्वारी होती. यशवंतराव म्हणायचे, अजीज, खिडकी मोठी ठेव, घरात बसून नदी दिसली पाहिजे.

विमलबाई: आता समोरच्या सोसायटीचं पार्किंग दिसतंय. मोठी खिडकी हाय म्हणून सगळं दिसतंय.

अजीज: हसवू नका, हात हलतो माझा.

विमलबाई: त्यांनी लई छळलं पर तुमाला. पाव्हणा आला की सुरू. ‘ही आमच्या अजीजची चौकट. मान तिरकी करूनच आत या.’ आन समदी हसायची. मीबी हसायची.

अजीज: ईदला आमच्या घरी यायचे तेव्हा माझ्या बायकोला, बिल्किसलाही म्हणायचे, शीरखुर्मा झकास झालाय, मिस्त्रीचा हात लागला नाही वाटतं.

विमलबाई: तुमी कदी उलटून बोलला न्हाई. मला वाटायचं, एवढ्या गुणाचा मानूस, आन नेमका आमच्याच दाराला कसा चुकला?

अजीज: वहिनी, ती मेथी जरा बाजूला ठेवा. यशवंतरावांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. पण त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि उद्या चौकट निघालीच तर मग सांगून उपयोग नाही. चौकटीची पूजा झाली तो दिवस आठवतो?

विमलबाई: न आठवायला काय झालं? आठवा सरत आला हुता मला. तुमी ओळंबा लावून चौकट उभी केलेली, आन गुरुजी घाई करत हुते.

अजीज: मुहूर्त टळतोय म्हणत होते. पाचरी मारायच्या राहिल्या होत्या, चौकट नुसत्या टेकूवर उभी. मी म्हटलं, पूजा होऊ दे, मग मारतो. तुम्ही खाली बसून उंबऱ्याला हळदकुंकू लावलंत. आणि मग तुम्हाला उठवेना.

विमलबाई: मग?

अजीज: तुम्ही चौकटीला धरून उठलात. सगळा भार तिच्यावर आला.

विमलबाई: म्हंजी माझ्यानं हलली?

अजीज: तुम्ही आत गेल्यावर मी ओळंबा लावला तर चार सूत. सरळ करायला गेलो, तर यशवंतरावांनी हात धरला. म्हणाले, पूजलेली चौकट हलवत नाहीत. मग मला विहिरीकडं नेलं आणि हळूच बोलले, ‘अजीज, ह्याच्या आधी दोनदा तिची कूस उजवता उजवता राहिलीय. तिच्या हातानं चौकट हलली हे कळलं, तर अपशकुन समजून हाय खाईल ती. तुझ्याकडून चुकली असं सांगू का?’

विमलबाई: आन तुमी व्हय म्हणालासा.

अजीज: अर्धं खरंच होतं की. पाचर मारली नाही, ती चूक माझीच. मग भिंतही चौकटीच्या कलानंच चढवली.

विमलबाई: एकतीस वर्षं बोल लावून घेतलात.

अजीज: मला काय झालं? ह्या समोरच्या बिल्डिंगांत निम्म्या फरश्या माझ्या हातच्या आहेत. आणि एक सांगू? ते चेष्टा करायचे ना, ती कायम तुमच्या देखत करायचे. तुमच्या मनात कधी शंका येऊ नये म्हणून. नंतर कोपऱ्यावर नेऊन मला चहा पाजायचे.

विमलबाई: मी म्हणायची, ह्या मानसाला चेष्टेबिगर काय सुचत न्हाई. लई बोलले हुते मी त्यांना त्यावरनं. आता कुनाला सांगू?

अजीज: पाणी घ्या थोडं.

विमलबाई: घेते. तुमी काम करा, सहा वाजत आले.

अजीज: वरच्या कोपऱ्याचा तुकडा तेवढा राहिलाय. दोन तुकडे जोडले तर सोपं, पण जोडाची रेघ नेमकी चौकटीच्या कोपऱ्यातून निघते आणि नजर तिथंच अडकते. म्हणून एकाच फरशीतून खाच काढायची. कोपऱ्याला आधी भोक पाडून घ्यायचं, नाहीतर तडकते.

विमलबाई: पाडा. मी बोलत न्हाई.

रणजीत: आई, तू सकाळपासून पाटावरच? चाचा, झालं?

अजीज: झालं. बघ. लेव्हल खिशात.

रणजीत: थांबा, फाटकापासून बघतो... आता जवळून... चाचा, हे केलंत काय? चौकट सरळ दिसतेय.

अजीज: सरळ नाही. चार सूत आहे तशीच आहे.

रणजीत: मग एवढा हात असताना तेव्हा वाकडी कशी बसली?

अजीज: चुकलो.

विमलबाई: ते न्हाई चुकले. पूजेला बसलेली मी उठताना चौकटीला धरून उठले. तू पोटात हुतास, आठवा महिना. दोघांच्या भारानं हलली ती. तुझ्या बापानं माझ्यापास्नं लपवलं, आन ह्यांनी आपल्या नावावर घेतलं.

रणजीत: म्हणजे अण्णा म्हणायचे ती अजीजची चौकट...

विमलबाई: तुझी आन माझी.

रणजीत: एक मिनिट, फोन करतो. हॅलो, शेलार? उद्या येऊ नका... नाही हो, दुसऱ्या कुणाला दिलं नाही. जुनीच ठेवतोय... हो, बारा एमएम आउट आहे, माहितेय मला. मी पास केलीय.

विमलबाई: चला, दिवाबत्तीची वेळ झाली. गुडघं धरलं बाई. रणजीत, हात दे रं... आजून फोनवरच हाय का ह्यो?

अजीज: फरशीला हात लावू नका वहिनी, ओली आहे. चौकटीला धरून उठा.

विमलबाई: नगं. एकदा धरली तेवढी पुरं.

अजीज: धरा. त्याच दिवशी दुपारी पाचरी मारल्यात मी. आता नाही हलायची.