आर्गिरिसने न दिलेली देणगी

आदरणीय अध्यक्षा श्रीमती देस्पिना वाल्सामी, व्यासपीठावर विराजमान नगराध्यक्ष महोदय, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे मेहुणे आर्गिरिस, त्यांची कन्या फोतिनी, आणि थेर्मी नाणेप्रेमी मंडळाच्या तमाम भगिनी-बंधूंनो,

बावीस वर्षं मंडळाचं सचिवपद सांभाळून आर्गिरिस आता लेकीकडे राहायला चाललाय. चार गोड शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी जेसीबी चालवणारा माणूस. शब्द माझ्या हाताखालचे नव्हेत. तरी हो म्हणालो. आठवडाभरापूर्वी म्हणालो असतो का? सांगता येत नाही.

आर्गिरिस पोस्टमन होता हे आपण जाणताच. चाळीस वर्षं त्याने रीतसर परवाना काढून बायझंटाइन नाणी जमवली. तीही कसली? झिजकी, तांब्याची, दुकानदार डब्याच्या तळाशी टाकतो तसली. माझी बायको ख्रिसान्थी म्हणायची, "दादा, ही बटणं कुठल्या कोटाची रे?" तो चिडायचा नाही. भिंग तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "बघ, इथे सम्राटाचं नाक शिल्लक आहे." (हसा, हसा. तो स्वतःही हसतोय.)

नऊ वर्षांपूर्वी फोतिनीच्या घराचा पाया मी खोदत होतो. जेसीबीचा दात एका मडक्याला लागला. खाली उतरून पाहतो तर मातीला चिकटलेली सोन्याची नाणी. शेजारी उभा असलेला आर्गिरिस ओरडला, "हात लावू नकोस! हेराक्लिओस आहे रे, हेराक्लिओस सम्राट!"

मी म्हटलं, "कोण का असेना. दोन आपल्याला ठेव, बाकीची सरकारला दे."

"गाढवा, मातीतून उपटलीस की ती मुकी होतात. आधी ते यंत्र बंद कर."

फोनला रेंज नव्हती म्हणून तो रस्त्याकडे धावला. पुरातत्त्व खात्याला त्याने स्वतः कळवलं. त्यापायी घराचं काम तीन वर्षं रखडलं. फोतिनी त्याच्याशी वर्षभर बोलली नाही. फोतिनी, मान खाली घालू नकोस, बाळ, तुझी चूक नव्हती. त्याच साली आर्गिरिसने आपला सगळा संग्रह खात्याला देणगी म्हणून दिला, असं आपण ऐकलं. याच सभागृहात आपण उभे राहून टाळ्या वाजवल्या. पुष्पगुच्छ मी दिला होता.

गेल्या गुरुवारी स्मरणिकेसाठी त्या देणगीची पावती मागायला मी खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "देणगी? कसली देणगी?" आणि त्यांनी फाईल माझ्यासमोर ठेवली.

मंडळी, ती फाईल वाचताना मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मडक्यातल्या मातीत एका नाण्याचा गोल ठसा सापडला होता. त्या ठशातलं नाणं सापडलं नव्हतं. खाली आर्गिरिसचं अक्षर: "एक नाणे माझ्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाले." परवाना असलेल्या संग्राहकाच्या हातून सोन्याचं नाणं गहाळ! संशय कोणालाही आला असता. परवाना रद्द झाला आणि चाळीस वर्षांचा संग्रह जमा करून घेतला गेला.

ते नाणं माझ्याकडे होतं.

होय. तो फोन करायला गेला तेव्हा मी कडेचं एक उचललं. का उचललं? चमकलं म्हणून. याहून बरं कारण मला आजही सापडत नाही. नऊ वर्षं ते माझ्या खिळ्यांच्या डब्यात पडून होतं.

कचेरीतून मी सरळ त्याच्या घरी गेलो. तो टोमॅटो चिरत बसला होता. मी नाणं टेबलावर ठेवलं. त्याने सुरी बाजूला ठेवली, भिंग शोधलं, आधी नाण्याकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, "ओरखडा पाडलास की रे."

"तुला ठाऊक होतं?"

"रस्त्यावरून वळलो तेव्हा तुझी मूठ दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"ख्रिसान्थीची चौथी केमो चालू होती. तुला उचलून नेलं असतं तर उशाशी कोण बसलं असतं तिच्या? मी? मला तर ती उलटी झाली तरी सांगायची नाही." मग म्हणाला, "राग आला होता. अजून आहे. टोमॅटो खाणार?"

मला खाववलं नाही. मी तिथे लहान मुलासारखा रडलो.

मंगळवारी नाणं आणि माझा लेखी जबाब मी कचेरीत दिला. माझ्यावर खटला होईल, असं दिसतं. संग्रह परत मिळेल का, हे सांगायला बाई तयार नाहीत; फाईल पुन्हा उघडू, एवढंच म्हणाल्या. ख्रिसान्थी ठणठणीत बरी आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि मंगळवारपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

आर्गिरिस, मला खुणा करू नकोस. एवढं बोलू दे.

अध्यक्षाबाई, सन्मानपदक माझ्या हस्ते द्यायचं ठरलं आहे. ते मला जमणार नाही. ख्रिसान्थी, वर ये. आपल्या दादाच्या गळ्यात ते तू घाल.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपले आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते सोडून द्या. बाकीचं सोडून देऊ नका.