सत्तेचाळीस दाब

दिग्विजय : सत्तेचाळीस. सत्तेचाळीसवर बोट ठेव. दाबलंस का?

मोना : थांब जरा. डाळिंबं निवडायला बसलोय आमी सगळी. हात मोकळा न्हाय.

दिग्विजय : एक बोट लावायचंय मोना. नव्या फोनमधी मेल टाकला तर तुझ्या फोनवर विचारतोय म्हणं. तीन आकडे आले असतील बघ. त्यातला सत्तेचाळीस दाब.

मोना : आलेत. वर लिहिलंय, साइन इन करणारे तुम्हीच आहात का? काय सांगू त्याला?

दिग्विजय : व्हय म्हण की.

मोना : मीच हाय? तिकडं माळेगावात, तुमच्या घरात? मला तर सव्वा वर्षामागं काढलंत तिथनं. चार वर्षांत पोर झालं न्हाय म्हणून.

दिग्विजय : आता ते कशाला काढतीस… गेला बघ. टाइम संपला. परत पाठवतो. आणि अहो-जाहो पार सुटलं व्हय तुझं?

मोना : माझी पेटी तेवढी आणली तिथनं. बाकीचं तिथंच राहिलं.

दिग्विजय : अगं, जुना फोन उसाच्या ट्रेलरखाली गेला. चुरा झाला. दुकानदार म्हणला, घाबरू नका, सगळं बॅकअपला असतंय. मेल टाकला की फोटो, नंबर, सगळं जसंच्या तसं नव्यात येतंय. बघतोय तर मेल तुझा निघाला.

मोना : निघाला? लग्नाच्या आठवड्यात तूच फोन माझ्या मांडीवर टाकलास. तुझाच मेल टाक, मला कुठं लक्षात राहतंय, म्हणलास. बायको काढली, मेल काढायचा राहिला.

दिग्विजय : चुकलं. आता बारा आलाय. बारा दाब.

मोना : एवढं काय अडलंय तुझं त्या फोटोंवाचून?

दिग्विजय : रविवारी आबांचं वर्षश्राद्ध हाय. कीर्तन ठेवलंय. मांडवात मोठा स्क्रीन लावतोय. आबांचा गोठ्यातला व्हिडिओ दाखवायचाय सगळ्यांना. बोलतानाचा तेवढा एकच हाय त्यांचा.

मोना : मीच काढलाय तो.

दिग्विजय : मग दाब की बाई.

मोना : पाहुणे कोण कोण येणार?

दिग्विजय : सगळे. का गं?

मोना : सुप्याचे पण? ज्यांची पोरगी बघून आलात ते?

दिग्विजय : तुला कुणी सांगितलं?

मोना : तूच. तू काढलेला एकेक फोटो माझ्या फोनात येऊन पडत होता. मेल एकच न्हाय का! पोह्याची बशी आली. पोरगी आली, निळी साडी नेसलेली. तुझा नवा शर्ट आला, त्याचं लेबल सुदीक काढलं न्हवतंस.

दिग्विजय : म्हंजे वर्षभर आमच्या घरात डोकावत बसलीस व्हय?

मोना : मी कशाला डोकावू? घरच माझ्या हातात येत होतं. आबा गेल्याचं पण तसंच कळलं मला.

दिग्विजय : कसं?

मोना : सकाळी चहा ठेवला आणि फोन उघडला. पहिलाच फोटो तिरडीचा. आबांच्या नाकात कापूस. मला कळंना, हे कुणाचे आबा. माळेगाव ते निमगाव केतकी किती लांब हाय रं? एक माणूस फोन करू शकला न्हाय? मी चालत आले असते सासऱ्याचं तोंड बघायला.

दिग्विजय : त्या गडबडीत कुणाला सुचतंय?

मोना : त्या गडबडीत फोटो काढायचं सुचलं तुला.

दिग्विजय : हे बघ, जास्ती ताणू नको. बारामतीत एक पोरगा हाय. असले मेल फोडून देतोय तो, चहा पिऊस्तोवर.

मोना : फोडू दे. तो चहा फुंकतोय तोवर मी व्हिडिओ पुसून टाकते. मग रविवारी स्क्रीनवर काय, तुझा नवा शर्ट दाखव.

कुशाबाई : आन रं हिकडं त्यो फोन. आन म्हणती न्हवं! मोने, मी बोलती, दिग्याची आय.

मोना : आत्या? ऐकतच होतात व्हय मघापासनं?

कुशाबाई : स्पीकरवर हाय ह्यो. पोरी, त्याचं सोड. मांडव न् बिंडव त्याचा त्यालाच लखलाभ. तू मला दे. माज्यासाटी दे.

मोना : तुमाला कशाला पाहिजे, आत्या?

कुशाबाई : वरीस झालं. तोंड दिसतंय मला, फोटू हाय भिताडाला. पर आवाज जाया लागलाय बग कानातनं. आठवाया बसती, तर दुसऱ्याच कुणाचा येतूय. कवा दिग्याचा येतूय, कवा माज्या भावाचा. चाळीस वरीस ज्याच्या हाका ऐकल्या, त्याचा आवाज घावंना झालाय मला.

मोना : फोन कानाला लावा, आत्या. स्पीकर काढा. आईच्या फोनात पण घेतलाय मी तो व्हिडिओ. ह्या फोनाशी धरते. ऐका.

(व्हिडिओ सुरू होतो. गुरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, मग आबांचा.)

आबा : …अगं फोन काय धरतीस, पेंडी धर पेंडी! गव्हाणीत टाक ती. काय, रेकाट करतीस व्हय? कर, कर. मग ह्ये बी घे त्यात. मोने, तुजी सासू तोंडाची लई वंगाळ. मला बी सोडत न्हाय, तर तुजं काय घिऊन बसलीस. पर खरं सांगू का, तिच्या…

कुशाबाई : तिच्या काय? मोने, बंद पडलं गं!

मोना : पडलं न्हाय. मी बंद केलं.

कुशाबाई : लाव की फुडं! तिच्या काय? काय म्हणलं माज्याबद्दल?

मोना : मला पाठ हाय.

कुशाबाई : चांगलं म्हणलं का वाईट? येवडं तरी सांग की गं!

मोना : पुढचं हितं येऊन ऐका.

दिग्विजय : मोना, काय बोललीस तू हिला? रडाय लागली ती. लाज वाटती का, म्हाताऱ्या माणसाचा छळ करायला?

मोना : व्हय, छळच करतेय. उट्टं काढतेय. तुझ्यागत मानपानाचं नाव देत न्हाय मी त्याला. फोन परत स्पीकरवर टाक. आत्या, मागल्या सालच्या चैतात माझी आई आली होती तुमच्याकडं. आठवतंय?

कुशाबाई : द्वारकाबाई. आली हुती.

मोना : पोरीला घरात घ्या म्हणून हात जोडायला आली होती. तुमी दार लोटून घेतलंत. ती बसली ओट्यावर, भर उन्हात. गल्लीतल्या बाया येऊन बघून जात होत्या. आबा तांब्या भरून घेऊन उठले. त्यांच्या हातातनं तांब्या कुणी काढून घेतला?

कुशाबाई : मी घेतला.

मोना : ती तशीच एस्टीला गेली. घरी येऊन मला म्हणली, पाणी सुदीक न्हाय पाजलं बाई. आणि भिंतीकडं तोंड करून निजली. परत कधी विषय काढला न्हाय तिनं. मी काढते. रोज भाकरी थापताना मनात काढते.

कुशाबाई : आजारात आबा तुजं नाव घेत हुतं. मोनीला बलवा, मोनीला बलवा, सारकं चाललं हुतं.

मोना : आणि तुमी काय म्हणलात?

कुशाबाई : म्हणलं, निजा गुमान.

मोना : आत्या… हे सांगितलं नसतंत, तर कदाचित दाबलंच असतं मी ते बटण.

कुशाबाई : मग आता मी काय करू, सांग.

मोना : एकट्या या. एस्टीनं. ह्यानं गाडीनं आणून सोडायचं न्हाय. आमच्या ओट्यावर बसा. आई घरातच असती. तिला वाटेल तवा ती दार उघडेल. मग मी फोन तुमच्या मांडीवर ठेवते. आबा काय म्हणले ते सगळं ऐका, पाहिजे तितक्या वेळा ऐका. पर ऐकायचं तिथंच. पाठवणार न्हाय मी.

दिग्विजय : आये, जायचं न्हाय! गावात नाक राहील का आपलं? आपण मोठा फोटो लावू स्क्रीनवर. मागं अभंग टाकू. लोक रडतील बघ.

कुशाबाई : फोटू बोलतूय व्हय रं?

दिग्विजय : मोना, शेवटचं सांगतो. परत पाठवलाय. एकसष्ट. मुकाट्यानं दाब.

मोना : आलाय. विचारतोय, तुम्हीच आहात का? खाली अजून एक बटण हाय बघ. नाही, मी नाही. तेच दाबलं.

दिग्विजय : ए! काय केलंस?

मोना : खरं सांगितलं त्याला. आता पासवर्ड पण बदलते. नव्या फोनला नवा मेल काढ आणि सुप्याच्या पोरीला विचारून काढ. तिला तरी काय काय दिसणार हाय, ते आधीच कळू दे.

कुशाबाई : दे रं त्यो फोन. दे म्हणती न्हवं! …मोने, उद्या येती मी. सकाळची येस्टी धरती.

मोना : सकाळची नको. ओट्यावर सावली असती तवा. दुपारची धरा.

कुशाबाई : बरं. दुपारची धरती. …मोने?

मोना : काय?

कुशाबाई : तुजी आय पाणी तरी दील का गं मला?

मोना : ती देईल, आत्या. मी तिच्या हातनं काढून घेईन.