डोंगरापलीकडचा अँटेना

टीव्हीची केबल कुठवर न्यायची याची सुनावणी अजून सुरू व्हायची होती. कंपनीचा माणूस बाकावर कागद चाळत होता. डोंगरापलीकडच्या एकट्या घरासाठी खांब रोवणं परवडत नाही, हे त्याला आत पटवून द्यायचं होतं. तेवढ्यात शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं.

आजी नवऱ्याला बजावत होत्या, “आत गेल्यावर मुखदुर्बळासारखे बसू नका. आमच्या डोंगरापलीकडे केबल हवीच, म्हणून सांगा.”

“मला कुठे हवीय? आपला अँटेना काय वाईट आहे?”

“सत्तरी उलटलेला माणूस रोज छपरावर चढतो, तेवढं सोडलं तर काही वाईट नाही.”

“चढतो म्हणून तुला चित्र दिसतं.”

“मी खालून ओरडते म्हणून दिसतं! डावीकडे, अहो डावीकडे, आता हलू नका!”

“तेच तर. एरवी दिवसभर माझ्याशी बोलतेस कुठे?”

“तुम्हाला ऐकू कुठे येतं?”

“छपरावर सगळं येतं. काल केवढा वेळ फिरवायला लावलंस! चित्र येतच नव्हतं का?”

“पहिल्या झटक्यात आलं होतं.”

“मग ‘अजून थोडं’ कशाला?”

“वर असलात की गाता तुम्ही. खाली कधी तोंड उघडता?”

आजोबांनी टोपी काढून झटकली.

“तरी केबल घ्यायचीच. पाय घसरला तर गाणार कोण?”

आजोबा शेजारी बसलेल्या माणसाकडे वळले.

“काय हो, ही केबल अधूनमधून बंद पडते का?”

कंपनीच्या माणसाने कागद पिशवीत कोंबले.

“पडते की, आजोबा. तुमच्याकडे जरा जास्तच पडेल.”