तिसऱ्या रांगेतले पाहुणे

(नांदेड. विद्यापीठाचं तारांगण. दिवे नुकतेच मालवलेत.)

सिंधु : आन् तुम्हीच म्हणलात, हितं पोरगी गुपचूप बघाय मिळंल. मला तर माझाच हात दिसंना.

आप्पासाहेब : मला काय ठावं, तारे दाखवाय अंधार करतेत म्हणून.

सिंधु : जळकोटाहून यष्टीत उभी राहून आले मी. आदिनाथ म्हणतो, करीन तर हिलाच. आन् हिच्या पत्रिकेत मंगळ. माझ्या लेकराच्या जिवाला काय झालं म्हंजी?

ऋतुजा (माइकवर) : नमस्कार. मी ऋतुजा. आज आपण गोदाकाठावरून दिसणारं आकाश बघू.

सिंधु : हीच ती. थांबा, मोबाइलची बॅटरी मारते.

ऋतुजा : तिसऱ्या रांगेतल्या काकू, बॅटरी बंद करा. माझ्याकडं नाही, वर बघायचंय.

आप्पासाहेब : झालं समाधान?

सिंधु : जरब हाय आवाजात. आदिनाथाला सकाळी उठवाय अशीच पायजे.

आप्पासाहेब : अगं, खुर्ची फिरायली माझी.

ऋतुजा : काका, खुर्ची जागेवरच आहे, आकाश फिरवलंय मी. घटकाभर डोळे मिटा.

सिंधु : बघा, सासऱ्याची किती काळजी.

आप्पासाहेब : अजून सासरा कुठं झालो मी?

ऋतुजा : आणि हा तांबूस ठिपका, मंगळ.

सिंधु : अगं बया, हाच? ओ मॅडम, हा एखाद्या पोरीच्या पत्रिकेत असला तर?

आप्पासाहेब : गप बस, वळखंल ती.

ऋतुजा : माझ्याच आहे, काकू. दोन-तीन स्थळं परत गेली याच्यापायी. पण हा अगदी जवळ आला तरी पाच कोटी किलोमीटरच्या पलीकडं असतो.

सिंधु : यष्टीनं किती लागंल हो?

आप्पासाहेब : जन्म जाईल. आन् जागा मिळायची न्हाई.

ऋतुजा : खेळ संपला. दिवे लावते. काकू, आता बघा निवांत.

सिंधु : म्हंजी?

ऋतुजा : आदिनाथनं सकाळीच फोन केला होता. हिरवी साडी, हातात धपाट्यांचा डबा, म्हणाला.

आप्पासाहेब : घ्या. आपलंच पोरगं फितूर.

सिंधु : तुम्ही थांबा ओ. जेवलीस का गं?

ऋतुजा : नाही, अजून एक खेळ आहे.

सिंधु : धर, दोन धपाटे खा आधी.

ऋतुजा : पण काकू, ते पत्रिकेचं...

सिंधु : बघितलं की त्याला. लई लांब ऱ्हातो. जळकोटापस्तोर न्हाई यायचा.