रस्त्याच्या अर्जावर माझी सही

मी मूळचा पुलगावचा. बाप कापसाच्या गिरणीत होता, अन् शाळेत चौथीले आमाले जे गुरुजी होते, त्याईचीच ही गोष्ट आहे. नाव नाई सांगत, त्याईले आवडणार नाई. मी अभ्यासात ढ, पण एकदा शाळेची घंटा तुटून पडली तं मीच तार वळून ती टांगून देली, तवा गुरुजी साऱ्या वर्गासमोर म्हणाले का सुधाकरच्या हातात विद्या आहे. काय सांगू तुमाले, त्या एका वाक्यावर मी पस्तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. पहिले दुसऱ्याच्या गॅरेजात, मंग वर्ध्याले पिपरी मेघेत सोताचं शेड टाकलं. गुरुजी रिटायर होऊन पवनारले राहाले आले, छोटी पेट्रोल गाडी घेतली, अन् ती माह्याशिवाय कोणाच्या हातात देली नाई. गाडी लावाची, चावी टेबलावर फेकाची अन् म्हणाचं, तू पाहून घेजो, मले त्यातलं काई समजत नाई. बसतही नसत, ऑटो पकडून चालले जात. इतका भरोसा.

तं झालं असं का एक दिवस पिपरीतल्याच एका कापडवाल्याचा पोरगा आला, लग्न ठरलेला, मोठी डिझेल गाडी घेऊन. काका, गाडी खाली बसवून द्या, चाक अन् मडगार्डात दोन बोटं राह्यली पाहिजे, रविवारी वरात आहे. आता बाकीचे लोक यासाठी ग्राइंडरनं स्प्रिंग कापतात. मी कापत नाई. कापलेली स्प्रिंग कधी जागा सोडन याचा भरोसा नाई. हे मी त्याले मोठ्या ऐटीत सांगून राह्यलो होतो अन् सांगता सांगता माही नजर गुरुजींच्या गाडीवर गेली. क्लचप्लेट नागपूरवरून येणार होती म्हणून ती चार दिवसांपासून उभी होती. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, स्प्रिंग बसाची जागा सारखी. हलक्या गाडीची नरम स्प्रिंग जड गाडीत टाकली का ती आपल्याच वजनानं खाली बसते, हे मले माहीत होतं. अन् जड गाडीची कडक स्प्रिंग हलक्या गाडीत टाकली का काय होते, हेही मले माहीत होतं. नाई माहीत असं मी म्हणू शकत नाई.

त्याच दुपारी मी चारही स्प्रिंगा अदलाबदल केल्या. पोरानं गाडी पाह्यली अन् मले मिठी मारली, काका तुम्ही तं कलाकार निघाले. मलेही तसंच वाटलं. मनात होतं का वरात झाली का परत बदलू. पण वरात झाली, तो फिराले गेला, आल्यावर म्हणे राहू द्या न काका, भारी दिसते, अन् पुढं त्यानं गाडीच विकली, स्प्रिंगासकट. गुरुजींची गाडी मी तवाच देऊन टाकली होती. तीन बोटं उंच झालती ती. गुरुजी म्हणाले, सुधाकर, गाडी कशी ताजी दिसून राह्यली. मी म्हटलं, हो गुरुजी.

गुरुजींच्या घरच्या, काकू, त्याईच्या मणक्यात गॅप आहे. दर गुरुवारी त्या वर्ध्याले मोठ्या बहिणीकडे जात, दोघी बहिणी दिवसभर बसत, तेवढंच त्याईचं बाहेर जाणं. त्या गाडीत गड्ड्यातला सारा दणका आत याले लागला. काकू आल्या का दोन दिवस पडून राहत. पहिले उशी घेतली, मंग दोन उश्या, मंग जाणंच सोडलं. गुरुजींनं दोष रस्त्याले देला अन् अर्ज लिहिला, तेच फळ्यावरचं अक्षर, सदर रस्त्यामुळे माझ्या पत्नीस. वस्तीतल्या लोकाईच्या सह्या घेतल्या अन् कागद घेऊन माह्याकडे आले. तू मेकॅनिक आहे, गाडीत दोष नाई एवढं लिहून दे. मी लिहून देलं. गाडी तपासली, दोष आढळला नाही, अन् खाली सही.

अन् काय नशीब पाहा, रस्ता झाला. सिमेंटचा. काकू पुन्हा बहिणीकडे जाऊ लागल्या, पण सिमेंटच्या रस्त्याले जोड असतात, ठिकठिकाणी ब्रेकर असतात, अन् कडक स्प्रिंगवर ती हलकी गाडी जोडाजोडावर उसळे. काकू म्हणत दुखते. एक दिवस गुरुजी गॅरेजवर आले, काकू समोरच्या सीटवर बसलेल्या, अन् गुरुजी म्हणाले, तूच सांग हिले, रस्ता आरशासारखा झाला, आता हिची कंबर नाई, मन दुखते. बहीणही म्हणते का हिले माह्याकडे येणंच नको आहे. काकूनं काचेतून माह्याकडे पाह्यलं. म्हणाल्या, भाऊ, खरंच दणके बसतात हो. अन् मी काय म्हणालो असन? मी म्हणालो, वयोमान आहे काकू.

स्प्रिंगा बदलल्या ते एका दुपारचं काम होतं. पण हे वाक्य मी तोंडानं बोललो.

त्यानंतर मी नागपूरवरून बरोबर स्प्रिंगा आणल्या, सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी बोलावली अन् गुपचूप टाकून देल्या. वाटलं, संपलं. पुढच्या गुरुवारी काकू बहिणीकडे जाऊन आल्या, काई दुखलं नाई. तं गुरुजी साऱ्याईले सांगत सुटले, पाह्यलं, मी म्हणत नव्हतो, मनाचंच होतं. अन् काकू हसून म्हणत, हो, माहं मनच खोटं. मी दुरुस्त केलं अन् ती बाई आणखी खोटी पडली. आठ महिने दुखणं सोसलं अन् वरून खोटी.

मंग मी पवनारले गेलो. दोघं ओसरीत होते. उभ्यानंच सारं सांगतलं, पोरगा, वरात, स्प्रिंगा, वयोमान. काकूनं एवढंच विचारलं, म्हणजे दुखत होतं ते खरं होतं नं? मी म्हटलं, खरं होतं काकू. त्या उठून आत गेल्या अन् आतून बहिणीले लावलेल्या फोनवरचा आवाज आला, ऐक, मी खोटी नव्हती बोलत.  गुरुजी फक्त म्हणाले, सही तू केली होती.

सहा महिने गाडी आली नाई. मंग आली. पण चावी टेबलावर पडली नाई, गुरुजींनं हातात धरून ठेवली, खुर्ची मागतली अन् चाकाजवळ टाकून बसले. मी नट काढला का विचारतात, हा कशाचा. मी सांगतो. पंच्याहत्तरीच्या माणसाले मी असा उन्हात पहाऱ्यावर बसवला. आता तिथं वरून ताडपत्री बांधली आहे, काकू कधी कधी डब्यात चिवडा देऊन पाठवतात, तो आमी दोघं तिथंच बसून खातो. दुसऱ्या गिऱ्हाइकालेही मी म्हणतो, बसा, पाहा. अन् गुरुजींनं पुन्हा कधी चावी टेबलावर फेकली, तं मी ती उचलून त्याईच्याच हातात देईन अन् म्हणीन, नाई गुरुजी, तुमी बसा.