तीनशे पासष्टची पाटी

सेक्टर ६ मधल्या दातांच्या दवाखान्यात मोना नंबरची वाट पाहत होती. शेजारी स्टील प्लांटमधून रिटायर झालेले शेषराव आणि त्यांची बायको भागाबाई बसले होते. त्यांचं बोलणं कानावर आलं, तसा मोनानं मोबाइल पर्समध्ये टाकला.

"डाक्टरले सांगा, तंबाखूचा खर्रा सोडला म्हणून," भागाबाई म्हणाल्या.

"दिवसासकट सांगतो. आज सकाळीच पाटीवर तीनशे पासष्ट लिवलं."

"प्लांटच्या गेटवर अपघाताविना किती दिवस गेले ते लिवते, तशीच पाटी टांगली तुमी सैपाकघरात. पाहुणे हासत होते."

"हासू दे. त्याच पाटीनं धरून ठेवलं मले."

"मंग एकशे चाळीस झाल्यावर पुसून शून्य कावून केलं होतं?"

"पुतण्याच्या लग्नात चिमूटभर खर्रा तोंडात टाकला होता."

"लगेच थुकला ना. कोणी पायलं बी नव्हतं."

"मी पायलं ना. लहान अपघात लपवला तं पाटी कायले पायजे?"

"त्या दिवशी जेवले नव्हते तुमी."

"दुसऱ्या दिवशी पाटीवर एक लिवला, मंग जेवलो."

"ते एकशे चाळीस मी नाही पुसले. देवाजवळच्या कॅलेंडरवर रोज खूण करत होती मी, त्या हायेत अजून."

तेवढ्यात नर्सनं दार उघडलं.

"शेषराव जी, अंदर आइए. तंबाखू खाते हैं?"

शेषराव ताठ उभे राहिले.

"छोड़ दिया. तीन सौ पैंसठ दिन हो गए."

"पाँच सौ पाँच," भागाबाई बाकावरूनच म्हणाल्या. "पाँच सौ पाँच लिखो, सिस्टर."